बॉनेटखालचे सवाल-जबाब : गाडी मिसिंग मारते तेव्हा

मृग बरसला की पत्रांचा नूर पालटतो. मे महिन्यात सगळे एसीचं विचारतात, जूननंतर मात्र एकच पाढा : गाडी मिसिंग मारते (म्हणजे एखादं सिलिंडर मधूनच पेटत नाही), सेल्फ उचलत नाही, लाइट मंद झाले. आणि जवळजवळ प्रत्येक पत्राचा शेवट ठरलेला, ‘काका, कोणता पार्ट बदलू?’ तेवढं सोडून बाकी सगळं विचारा. कुठे काय बघायचं आणि काय मोजायचं ते मी सांगतो. पार्टचं नाव तुमची गाडीच सांगेल.

काका, माझी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१८ सालची. साताऱ्यात फिरताना काही त्रास नाही. यवतेश्वरचा घाट चढायला लागले की दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला झटके मारते आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. वर पोचल्यावर तो नुसता पेटून राहतो. एका गॅरेजने चारी कॉइल, चारी प्लग आणि इंजेक्टर क्लीनिंग असा खर्च सांगितला. भाऊ म्हणतो, पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे होतंय. कुणाचं ऐकू?
— एक शिक्षिका, सातारा

बाई, तूर्त दोघांचंही ऐकू नका. प्लग ठिणगी पाडतो, कॉइल त्याला व्होल्टेज देते, इंजेक्टर पेट्रोल फवारतो, एवढं ध्यानात ठेवा. पहिल्यांदा त्या दिव्याचं बोलू. नुसता पेटलेला दिवा म्हणजे ‘सवडीने बघा’. लुकलुकणारा दिवा म्हणजे ‘आत्ता पाय उचला’. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलं नाही की ते तसंच सायलेन्सरच्या वाटेने बाहेर पडतं आणि वाटेत धूर स्वच्छ करणारा जो डबा असतो, त्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. आतली जाळी त्या उष्णतेने वितळते. कॉइलच्या कितीतरी पट खर्च त्या कन्व्हर्टरचा आहे. तेव्हा दिवा लुकलुकत असताना घाट रेटू नका.

आता भावाचं म्हणणं. इथेनॉल आपल्या उसापासूनही बनतं, म्हणून त्याची बाजू घेतोय असं समजू नका. पण टाकी एकच आहे आणि तिच्यातलं पेट्रोल चारी सिलिंडरना जातं. पेट्रोल खराब असेल तर चौघेही कुरकुरतील. एकच सिलिंडर मिस होत असेल तर पेट्रोल सुटलं. म्हणजे पहिला प्रश्न हाच, एक मिस होतोय की सगळे?

याचं उत्तर गाडी स्वतः देते. स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोष वाचायचं सॉकेट असतं. ब्लूटूथवर मोबाइलला जोडणारा छोटा स्कॅनर मिळतो, तो लावा. पी०३०१ हा कोड आला तर मिस होतंय ते पहिलं सिलिंडर, पी०३०२ दुसरं, असं पी०३०४ पर्यंत. पी०३०० म्हणजे कुठलं एक नाही, मिसिंग फिरतंय. सिलिंडर मोजताना पहिला नंबर सहसा टायमिंग चेन किंवा बेल्टच्या बाजूचा धरतात, गिअरबॉक्सच्या बाजूचा नाही. इथे उलटं मोजून भलत्याच कॉइलला बोल लावणारे पुष्कळ आहेत.

समजा पी०३०२ आला. इंजिन थंड होऊ द्या, चावी काढा. तुमच्या वर्षाच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसलेली असते आणि ती बहुधा १० नंबरच्या एका बोल्टवर असते. कनेक्टरचा लॉक दाबूनच तो ओढा, वायरीला धरून ओढू नका. उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने ते प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. दुसऱ्यावरची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्यावरची दुसऱ्यावर. कोड पुसा आणि तोच घाट त्याच गिअरला चढा. फक्त पहिला झटका बसला की पाय उचला, मग कोड बघा. आता पी०३०३ आला, तर दोष कॉइलबरोबर चालत गेला. एक कॉइल घ्या, चार नकोत. कोड दुसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग हाच अदलाबदलीचा खेळ प्लगचा करा. या परीक्षेला एक पैसा लागत नाही, म्हणूनच कदाचित ती कुणी सांगत नाही.

सपाटीला का जाणवत नाही, तेही सांगतो. चढावर थ्रॉटल जास्त उघडलेला असतो, सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, दाब वाढतो. दाबाखालच्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. थकलेली कॉइल किंवा गॅप वाढलेला प्लग आयडलिंगला वेळ मारून नेतो, लोड आला की हात टेकतो. तुमची लक्षणं इग्निशनकडे बोट दाखवतात, पण तो पुरावा नाही. पुरावा ती अदलाबदल देईल.

कॉइल बाहेर काढलीच आहे तर टॉर्च मारून प्लगच्या विहिरीत बघा. आत ऑइल साचलंय? टॅपेट कव्हरच्या आतली पॅकिंग गेली. नवी कॉइल टाकली तरी तिचा रबर त्या ऑइलने फुगणार, तेव्हा आधी पॅकिंग. पाणी आहे? मग गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंग सेंटरला प्रेशरने इंजिन धुतलं का, ते आठवा. कॉइलच्या रबराच्या आत किंवा प्लगच्या चिनी मातीवर पेन्सिलने ओढावी तशी बारीक काळी रेघ दिसली, तर ठिणगी त्या वाटेने बाहेरून निसटतेय. असा रबर ठेवून नवा प्लग बसवलात तर तोही खराब होईल. दोन्ही बदला.

प्लग काढलात की त्याचं तोंड वाचा. पेट्रोलने ओला असेल तर इंजेक्टर काम करतोय, ठिणगी पडत नाही. कोरडा आणि स्वच्छ असेल, बाकीचे तिघे मात्र जळकट तपकिरी, तर त्याला पेट्रोलच पोचत नाही. मग लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर आणि मूठ कानाला लावून ऐका. ओढणी, केस, बाही बेल्टपासून लांब. चालू इंजेक्टर टिकटिक करतो. शेजारच्याचा आवाज येतोय आणि याचा नाही, तर इंजिन बंद करून कनेक्टर काढा आणि मल्टिमीटरने ओहम मोजा. साध्या पोर्ट इंजेक्टरला बहुधा ११ ते १६ च्या दरम्यान आकडा येतो. नेमक्या आकड्यापेक्षा चौघांचं एकमेकांशी जुळणं महत्त्वाचं. सगळं जुळूनही मिस होत असेल, तेव्हा गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब बघा. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा पाव हिश्शाहून कमी निघालं तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचं काम. क्लीनिंगचे पैसे यातलं काहीही न बघता आधीच मागणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

प्लग परत बसवताना पाना लावण्याआधी हाताने आटे धरू द्या. हेड ॲल्युमिनियमचं असतं; आटे गेले तर कॉइलचा विषय तुम्ही विसरून जाल. इरिडियमचा प्लग असेल तर त्याला पॉलिश पेपर लावायचा नाही, त्याचं टोक सुईसारखं बारीक असतं.

आणि पी०३०० आला तर? तेव्हा स्कॅनरमध्ये फ्यूएल ट्रिम बघा, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय ते. लाँग टर्मचा आकडा १० टक्क्यांच्या वर अधिकात असेल तर इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढतंय किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. रबरी नळीचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाला, दुसरं इनटेकच्या पायपांवरून फिरवा. फाटक्या नळीची सुसू लगेच कळते. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून हवा शोधायचा प्रकार व्हिडिओत दाखवतात. तो पेट घेतो, घरी करू नका. आणि हो, भावाचं इथेनॉल इथे मात्र विचारात घ्यायला हरकत नाही. ते पाणी धरतं, आणि गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी राहिली असेल तर तळाला पाणी वेगळं होऊ शकतं. रोज शाळेला जाणाऱ्या गाडीला ते होत नाही.

आम्ही कामाला मुंबईला, गाडी गावी पाटण तालुक्यात. पंधरा दिवसांनी गावी आलो की सेल्फ कटकट करतो, धक्का मारावा लागतो. वर्षभरात दुसरी नवीन बॅटरी टाकली. दुकानदार म्हणतो बॅटरी चांगली आहे, गॅरेजवाला म्हणतो डायनमो बदला.
— कळंबोलीत राहणारे एक पाटणकर

दादा, दुकानदार आणि गॅरेजवाला भांडू देत, आपण मीटर काढू. हजाराच्या आतला साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ अर्धी, १२ म्हणजे जवळजवळ मोकळी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. भरलेली बॅटरी ९.६ च्या खाली गेली तर ती थकली. गाडी चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावा : १३.८ ते १४.४ च्या आसपास असेल तर बॅटरी चार्ज करणारा डायनमो त्याचं काम करतोय. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून लोड लावूनच मोजायचं.

मला वाटतं डायनमो ठीक निघेल आणि करंट उभ्या गाडीत गळत असेल. हिशोब करून बघा. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. बंद गाडीत घड्याळ, सेंट्रल लॉक, संगणक यांना मिळून साधारण ३० मिलीअँपिअर लागतात. त्या हिशोबाने अर्धी बॅटरी उतरायला तीन आठवडे तरी जातात, म्हणजे पंधरा दिवसांनी सेल्फ लागायला हवा. गळती ३०० मिलीअँपिअर असेल तर अर्धी बॅटरी अडीच दिवसांत जाते. पाच दिवसांत सगळी उतरते, उरलेले दहा दिवस ती मोकळी पडून राहते, प्लेटांवर सल्फेट धरतो आणि नवी बॅटरी म्हातारी होते. बॅटऱ्या खराब नव्हत्या, उपाशी मेल्या.

गळती अशी मोजा. बॉनेट उघडा, ज्या दारातून फ्यूजबॉक्सपर्यंत हात पोचतो ते दार उघडं ठेवून त्याचा खटका स्क्रू ड्रायव्हरने बंद करा, म्हणजे गाडीला दार लागल्यासारखं वाटेल. किल्ली घरात नेऊन ठेवा, विशेषतः बटण दाबून चालू होणारी गाडी असेल तर. अर्धा तास थांबा. सगळे संगणक झोपायला एवढा वेळ लागतो. घाई केलीत तर एक-दोन अँपिअर दिसतील आणि तुम्ही उगीच घाबराल. मीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात. मीटरची एक प्रोब बॅटरीच्या मायनस टोकाला, दुसरी मायनसच्या केबलला धरा आणि मगच केबल सैल करून उचला, म्हणजे करंट मीटरमधून जाऊ लागेल. या अवस्थेत दार उघडायचं नाही, चावी लावायची नाही, सेल्फ तर अजिबात नाही. मीटरचा फ्यूज उडेल. आणि अँपिअरवर लावलेला मीटर बॅटरीच्या प्लस-मायनसला थेट टेकवायचा नाही, तो सरळ शॉर्ट होतो.

५० मिलीअँपिअरच्या आत असेल तर गळती नाही. जास्त असेल तर केबल परत घट्ट करा, गाडी पुन्हा झोपू द्या आणि फ्यूजकडे वळा. एकेक फ्यूज उपटायची पद्धत जुनी झाली; उपटून लावला की एखादा संगणक जागा होतो आणि गोंधळ वाढतो. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. मीटर मिलीव्होल्टवर ठेवून दोन्ही ठिपक्यांवर टेकवा. शून्य म्हणजे त्या फ्यूजमधून काही जात नाही. आकडा आला तिथे करंट वाहतोय. त्या फ्यूजवर काय काय आहे ते झाकणावर छापलेलं असतं.

माझा अंदाज विचाराल तर कंपनीच्या वायरिंगआधी नंतर बसवलेल्या वस्तू बघा : मोठा म्युझिक सिस्टिम, डॅश कॅमेरा, चोरीसाठीचा जीपीएस. दुकानात घाईत यांची वायर चावीच्या लाइनऐवजी कायमच्या लाइनवर मारलेली असते. डिकीतला दिवा बंद होत नाही हेही पुष्कळदा निघतं. मोबाइलचं व्हिडिओ रेकॉर्डिंग लावून तो डिकीत ठेवा, डिकी लावा, मग बघा. सापडेपर्यंत मुंबईला जाताना मायनस केबल काढून जा. रेडिओचे स्टेशन आणि घड्याळाची वेळ जाईल, बाकी फारसं काही नाही. रेडिओला कोड लागत असेल तर तो मात्र आधी हाताशी ठेवा.

अपघातानंतर पुढच्या उजव्या बाजूचं डेंटिंग-पेंटिंग केलं. तेव्हापासून त्या बाजूचा हेडलाइट मंद, आणि इंडिकेटर लावला की हेडलाइटही त्याच्या तालावर नाचतो. बल्ब, रिले दोन्ही नवीन टाकले. मीटरने बघितलं तर बल्बच्या कनेक्टरला १२ व्होल्ट येतात.
— किराणा दुकानदार, कराड

शेठ, तुमच्या पत्रातच उत्तर आहे, ‘पेंटिंग’. त्या बाजूच्या दिव्यांची अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी वायर, बॉडीला एका बोल्टवर घट्ट केलेली असते. पेंटरने तो बोल्ट काढला, पत्र्यावर रंग मारला आणि रंगावरच बोल्ट परत बसवला. आता हेडलाइटचा करंट परत बॅटरीकडे जायला वाट शोधतो आणि इंडिकेटरच्या बल्बमधून घुसतो. म्हणून दोघे एका तालावर.

मीटर १२ व्होल्ट दाखवतो ते खोटं नाही, पण अपुरं आहे. ठिबकची नळी चोंदली तरी टोक बंद करून धरलंत तर दाब पूर्ण लागतो. पाणी सोडलं की थेंब. तसंच, वायरीची एकच तार शिल्लक असली तरी बल्ब काढलेल्या कनेक्टरला मीटर १२ दाखवणार. म्हणून मोजायचं ते बल्ब जोडून, लाइट लावून. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काळी प्रोब बॅटरीच्या मायनसला, लाल प्रोब हेडलाइटच्या अर्थिंगच्या वायरीला. चांगल्या अर्थिंगला ०.२ च्या आत येतं. तुमच्याकडे एक-दोन व्होल्ट आले तर तेवढे त्या रंगाने खाल्ले. खात्रीसाठी एक वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट त्या अर्थिंगला लावा. लाइट लख्ख झाला की पुरे. बोल्टखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, दात्यांचा वॉशर घाला, घट्ट करा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा, आत नव्हे.

हीच मोजणी इंजिनाच्या अर्थिंगलाही लागू आहे. सेल्फ मारताना बॅटरीचं मायनस आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यात अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर इंजिनाची अर्थिंगची पट्टी गेलीय. तिच्यापायी चांगले स्टार्टर बदललेले मी पाहिलेत.

दोन पथ्यं. फ्यूज उडत असेल तर मोठा टाकायचा नाही : लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर; जिथे जो आहे तोच. मोठा टाकलात की फ्यूज वाचतो आणि वायर जळते. आणि पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, तिथे टेस्ट लॅम्प, मीटर काहीही लावायचं नाही.

गाडी पेट्रोलवर लोण्यासारखी, सीएनजीवर टाकली की मिसिंग. किटवाला म्हणतो सीएनजीचे इंजेक्टर बदला.
— कोरेगाव

इंजेक्टर नंतर. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग आणि थकलेली कॉइल आधी सीएनजीवरच उघडी पडते. प्लगची गॅप तुमच्या पुस्तकात सीएनजीसाठी दिलेल्या मापाला आणा, वरच्या बाईंना सांगितलेली कॉइलची अदलाबदल सीएनजीवर गाडी चालवून करा. मिसिंग जागचं हललं नाही तर किटचा फिल्टर आणि मग इंजेक्टर. सीएनजीच्या पाइपला, रेग्युलेटरला, टाकीच्या व्हॉल्व्हला घरी पाना लावू नका. २०० बारचा गॅस असतो तो.

उसाच्या फडाशेजारी शेड आहे. आठवडाभर गाडी उभी होती, चालू केली तर तीन पायांवर, म्हणजे तीनच सिलिंडर चालतात, चेक लाइट.
— फलटण तालुका

उंदीर. स्कॅनर नंतर लावा, आधी बॉनेट उघडून इंजेक्टर आणि कॉइलकडे जाणाऱ्या वायरी बोटाने चाचपा, इंजिनावरच्या कव्हरखाली लेंड्या आणि पाचटाचं घरटं आहे का बघा. ऊसतोड झाली की फडातले उंदीर उबेला शेडमध्ये येतात. तुटलेली तार पिळून टेप मारली तर पुढच्या पावसात पुन्हा तेच. सोल्डर करा आणि उष्णतेने आकसणारी नळी चढवा. वायर त्याच जाडीची घ्या. तंबाखूच्या पुड्या ठेवायचा उपाय सगळे सांगतात. मी पुडीशेजारीच नवं घरटं बघितलंय. रात्री बॉनेट उघडं ठेवणं आणि धान्याची पोती शेडमधून हलवणं जास्त उपयोगाचं.

माझी डिझेल जीप सकाळी पांढरा धूर काढत थरथरते, दहा मिनिटांनी ठीक. प्लग कुठे असतात? पाइप सैल करून कुठलं सिलिंडर मिस होतंय ते बघता येतं असं वडील सांगतात.
— मेढा

डिझेलला ठिणगीचे प्लग नसतात, ग्लो प्लग असतात. ते थंड इंजिनात हवा तापवतात. तुमची लक्षणं त्यांचीच वाटतात. कनेक्टर काढून प्रत्येक ग्लो प्लग आणि इंजिनाचा धातू यांच्यात ओहम मोजा. चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. चारही ठीक निघाले तर त्यांच्या रिलेला आणि फ्यूजला करंट पोचतो का बघा.

वडिलांची पद्धत त्यांच्या काळच्या पंपाच्या जीपला ठीक होती. तुमच्या गाडीत कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या पाइपमधून डिझेल) असेल तर चालू इंजिनात त्या पाइपला पाना लावू नका. आत दाब हजार बारच्याही पुढे जाऊ शकतो, डिझेलची ती बारीक धार कातडीतून आत घुसते. दिसायला टोचल्याएवढी जखम, पण थेट हॉस्पिटल गाठावं लागतं आणि बोटं जाऊ शकतात. ग्लो प्लग ठीक निघाले तर इंजेक्टरची रिटर्न, म्हणजे त्यांच्यातून परत येणारं डिझेल मोजून घ्या, ती ज्याच्याकडे बाटल्यांचा संच आहे अशा डिझेलवाल्याकडेच.